न जाळलेल्या पाचटाचा हिशेब

उसाचं पाचट जाळलं तर त्यातला बहुतेक कार्बन वीस मिनिटांत हवेत जातो. न जाळता रानात ठेवलं तरी त्यातला बहुतेक कार्बन हवेतच जातो, फक्त काही महिने ते काही वर्षं घेऊन. हे मी कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. पर्यावरणाच्या बाजूच्या माणसाने असं बोलू नये, असा काहीतरी भाव असतो. पण कार्बनबद्दल नैतिक काही बोलायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते. झाडं, जनावरं, माती यांच्यात कार्बन कायमचा मुक्कामाला कुठेच नसतो. तो कुठे थोडा थांबतो, कुठे जास्त थांबतो. या थांबण्याची किंमत किती आणि ती कुणाच्या हातात द्यायची, हा गेली दोन वर्षं माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

पोटापाण्याचा म्हणजे शब्दशः. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि शेतजमिनीतल्या कार्बनचा हिशेब ठेवणारी प्रणाली बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करतो. शेतकरी पाचट जाळायचं थांबवतो किंवा नांगरट कमी करतो, जमिनीतला कर्ब वाढतो. (शाळेत कार्बन आणि माती परीक्षणाच्या कागदावर कर्ब, ही आपल्याकडची जुनी विभागणी. मी दोन्ही वापरणार आहे.) वाढलेल्या कर्बातून हवेतला जितका टन कार्बन डायऑक्साइड कमी झाला, तितकी क्रेडिट तयार होतात. दूर कुठेतरी एखादा उद्योग ती विकत घेतो आणि आपल्या धुरातून तितके टन वजा करतो. या साखळीतला मधला भाग माझ्याकडे: डेटाबेस, मॉडेल, बेरीज-वजाबाकी.

मुळात पाचटात कार्बन येतो कुठून, हे माणसाला फार उशिरा कळलं. ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्टा फान हेल्माँटने सतराव्या शतकात एका कुंडीत दोनशे पौंड वाळवलेली माती घेऊन त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी भरली. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. त्याचा निष्कर्ष होता की झाड पाण्यापासून बनतं. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द याच माणसाने रूढ केला, आणि कोळसा जाळल्यावर जो वायू निघतो तो त्याला माहीत होता. ज्याचं झाड बनलं होतं तो वायू त्याच्या ओळखीचा होता, नाव त्यानेच दिलेलं होतं. दोन्ही एकाच वहीत लिहायचं मात्र राहून गेलं.

आज ती वही आपल्याकडे आहे. पृथ्वीवरच्या वनस्पती दरवर्षी साधारण सव्वाशे अब्ज टन कार्बन हवेतून ओढतात. हवेत एकूण कार्बन आहे पावणेनऊशे अब्ज टनांच्या आसपास. म्हणजे हवेतल्या कार्बनचा सातवा हिस्सा दरसाल एकदा पानांतून फिरून येतो. ओढलेल्यातला निम्मा झाडं स्वतःच श्वासातून परत सोडतात. उरलेला पानगळ, मुळं, गवत खाणारी जनावरं, त्यांचं शेण, आणि शेवटी मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू यांच्या मार्गाने हवेत परततो. चार्ल्स कीलिंगने मार्च १९५८ पासून हवाईमधल्या मौना लोआवर ज्या नोंदी सुरू केल्या, त्यांच्या आलेखात ही ये-जा डोळ्यांना दिसते. उत्तर गोलार्धात पालवी फुटली की आकडा उतरायला लागतो, पानं झडून कुजायला लागली की चढतो. दरवर्षी एक दात, करवतीसारखा. आणि ती करवत दरवर्षी थोडी वर सरकते, कारण या फेऱ्याबाहेरचा दहा अब्ज टनांच्या आसपासचा कार्बन आपण दरसाल जमिनीखालून काढून त्यात ओततो.

यातला मातीचा टप्पा मला सर्वांत जास्त आवडतो, आणि तोच सर्वांत कमी दिसतो. मातीच्या वरच्या मीटरभरात हवेत आणि सगळ्या वनस्पतींत मिळून आहे त्याच्याहून जास्त सेंद्रिय कार्बन आहे. आम्ही जे मॉडेल वापरतो त्याचं नाव रॉथसी, कारण ते इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात तयार झालं. माझ्यासारख्याला ते वाचायला सोपं, कारण मातीचे त्याने सरळ कप्पे पाडले आहेत. पिकाचं अवशेष मातीत पडलं की त्यातला साधारण ५९ टक्के भाग झटपट कुजणाऱ्या कप्प्यात जातो आणि ४१ टक्के चिवट कप्प्यात. झटपट कप्पा महिन्याभराच्या आत अर्धा होतो. चिवट कप्प्याला त्यासाठी सव्वादोन वर्षं लागतात. कुजताना बहुतेक कार्बन वायू होऊन उडतो. उरलेला जिवाणूंच्या शरीरात आणि ह्यूमसमध्ये जातो. किती उरेल हे चिकणमातीवर ठरतं: वाळूत शंभरातले पंधरा, भारी काळ्या जमिनीत चोवीसच्या आसपास. ह्यूमस अर्धा व्हायला पस्तीस वर्षं.

ही पस्तीस वर्षं इंग्लंडची. रॉथमस्टेडच्या सरासरी सव्वानऊ अंश तापमानाला हे दर लागू पडतात. तापमानाच्या सूत्रात मी पंचवीस अंश घातले आणि जमीन ओली धरली, तर सगळं जवळपास पावणेचार पट वेगाने होतं. पस्तीसचे नऊ होतात. रान पिकाने झाकलेलं असेल तर पंधरापर्यंत जातात. आपल्याकडची माती काळी दिसते म्हणून तिच्यात कर्ब खूप असेल असं वाटतं, पण दख्खनच्या काळ्या रानांत तो बहुधा एक टक्क्याच्या खालीच असतो. उष्ण देशात माती भुकेली असते. तिला सतत घालावं लागतं, आणि घातलेलं ती खाते. पाचट ठेवणारा शेतकरी काही तिजोरीत टाकत नसतो. तो एका चुलीत रोज सरपण घालत असतो, आणि त्या चुलीवर जिवाणू, गांडुळं, मुळं असं सगळं बिऱ्हाड शिजत असतं.

आता एक छोटा हिशेब. एक एकर रान, एक फूट खोल, म्हणजे अंदाजे पंधराशे-सोळाशे टन माती. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढला, समजा ०.५ चा ०.६ झाला, तर एकरात दीड टनाच्या वर कार्बन वाढला. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजायचा तर ४४ भागिले १२ ने गुणायचं, म्हणजे पावणेसहा टन. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात एकाच रानात बांधाजवळ ०.७ आणि मध्यभागी ०.४ असू शकतो, त्यामुळे हा ०.१ चा फरक सिद्ध करायला बरेच नमुने आणि बरीच वर्षं लागतात.

तर गेल्या वर्षी खोडवा राखायच्या दिवसांत मी वाळवा तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मामा गेली पंधरा-वीस वर्षं पाचट जाळत नाहीत. बुडखे जमिनीलगत छाटतात, पाचट सरीत दाबतात, त्यावर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतात, कारण पाचटात कार्बन भरमसाट आणि नत्र अगदी कमी. कुजवणारे जिवाणू नत्रासाठी उसाशीच भांडायला लागतात. सुरुवातीची दोन वर्षं पाणी सरीतून पुढे जाईना, उंदीर झाले, शेजारी हसले. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या कामाबद्दल मात्र मामांना प्रथमच नीट कळलं आणि त्यांनी लगेच विचारलं, मग आपल्या रानाचं किती बसतंय?

मी सांगितलं की काही बसत नाही. क्रेडिट बदलाला मिळतं. मागची काही वर्षं शेतकरी काय करत होता ती बेसलाइन धरतात, आणि तिच्याहून जे वेगळं आणि वाढीव घडेल तेवढंच मोजतात. आमच्या डेटाबेसमध्ये बेसलाइनचा रकाना असतो. मामांच्या गटासाठी तो भरला की उत्तर शून्याजवळ येतं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी जाळलं न्हाई म्हणून मला काय न्हाई. आणि पलीकडचा दरसाल पेटवतोय, त्यानं बंद केलं की त्याला पैसं. मग मी बी दोन-तीन वर्षं पेटवून बघू काय?"

ते चिडलेले नव्हते. खरोखर विचारत होते. मला तेव्हा जे उत्तर देता आलं ते फक्त नियमाचं होतं. त्या नियमाचं नैतिक उत्तर मी तेव्हापासून शोधतो आहे.

हा प्रश्न नवा नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचे रांजण खड्यांनी भरले, मग तो बदलला आणि वाल्मीकी झाला. गोष्ट बदललेल्या माणसाची असते. त्याच जंगलात ज्याने कधी वाट अडवली नाही अशा माणसाची गोष्ट कुणी रचली नाही, कारण त्यात घडत काहीच नाही. महाराष्ट्रात कर्जमाफीच्या वेळी हीच बोच पैशाच्या भाषेत येते. ज्याने पोटाला चिमटा काढून हप्ते भरले तो मूर्ख ठरल्यासारखा होतो. सरकारलाही हे कळतं: २०१७ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना २५ हजारांपर्यंत आणि २०१९ च्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर लाभ ठेवावा लागला. माफीच्या मानाने रक्कम लहान होती. पण 'तुम्ही आधीपासून करत होतात' हे कुठल्यातरी कागदावर आलं.

कार्बनच्या बाजारात असा कागद का निघत नाही? नियम करणारे दुष्ट आहेत म्हणून नाही. त्यांच्या बाजूचं तर्कशास्त्र अगदी पक्कं आहे आणि ते आधी नीट मांडलं पाहिजे. समजा एका सिमेंट कंपनीने मामांच्या शंभर टनांचे पैसे दिले आणि त्या बदल्यात स्वतःचा शंभर टन धूर 'वजा' केला. मामा तर पैसे मिळाले नसते तरी पाचट ठेवणारच होते. मग हवेच्या दृष्टीने काय झालं? मामांकडे नवं काही घडलं नाही, कंपनीचा धूर मात्र सुटला आणि वर तो सुटलाच नाही असं प्रमाणपत्रही मिळालं. अतिरिक्ततेची अट काढली तर सगळा व्यवहार पोकळ होतो. तेव्हा सद्गुणाला पैसे न देणं हा या व्यवस्थेत योगायोगाने राहिलेला दोष म्हणता येणार नाही. तिच्या पायातच तो आहे.

पण पाया नेमका कशाचा, तिकडे बघा. ही अट लागते ती क्रेडिट हा परवाना असतो म्हणून. शेतकऱ्याच्या टनावर दुसऱ्याचा टन सुटणार असतो म्हणून. परवान्याचा भाग बाजूला काढला तर 'हे नाहीतरी घडलंच असतं का' या प्रश्नाची धार बरीच बोथट होते. गावच्या शिक्षिकेला पगार देताना पगार नसता तरी ती शिकवायला आली असती का, असं आपण विचारत नाही. ती शिकवते, म्हणून देतो. मामांना नाकारणारा नियम त्यांच्या शेतीतून आलेला नाही, तो सिमेंट कंपनीच्या गरजेतून आला आहे. एवढी एक गाठ सुटल्यावर मला बरंच स्पष्ट दिसायला लागलं.

पुढचा प्रश्न मग उघडच आहे: तो परवाना तरी खरा आहे का? टनाला टन असतो का?

रसायनशास्त्राला विचारलं तर असतो. हवेच्या दृष्टीने एक रेणू दुसऱ्यासारखाच. तरी कार्बनला आपला इतिहास थोडासा आठवतो. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही पिकं जड कार्बन-१३ जरा जास्त घेतात, गहू-तांदूळ कमी. त्यामुळे भाकरीवर वाढलेल्या आणि पोळी-भातावर वाढलेल्या माणसाच्या केसांत फरक मोजता येतो, आणि मधात उसाच्या साखरेचा पाक मिसळलेला याच खुणेने पकडतात. दुसरी खूण कार्बन-१४ ची. तो ५,७३० वर्षांत अर्धा होतो, म्हणून कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. हान्स झ्यूसने १९५५ साली झाडांच्या वाढवलयांत दाखवून दिलं की कारखानदारीच्या काळातल्या लाकडात कार्बन-१४ कमी होत गेला आहे, कारण हवेत मृत कार्बन मिसळत होता. म्हणजे चिमणीतून निघालेला आणि पाचटातून निघालेला कार्बन यांची जातकुळी वेगळी, हे प्रयोगशाळेत सिद्ध होतं.

यावरून मृत कार्बन अधिक पापी ठरतो असं मला म्हणायचं नाही. मुद्दा मुक्कामाचा आहे. पाचटातला कार्बन वर्षाभरापूर्वी हवेतच होता. कोळशातला पंचवीस-तीस कोटी वर्षं फेऱ्याबाहेर होता आणि आपण हात लावला नसता तर पुढेही राहिला असता. तो काढून हवेत सोडायचा आणि त्याची भरपाई म्हणून तेवढाच कार्बन अशा मातीत 'साठवायचा', जिथे तो दहा-पंधरा वर्षांत अर्धा होतो आणि शेतकऱ्याच्या मुलाने एकदा काडी लावली किंवा खोल नांगर घातला की त्याहून लवकर परततो. हे म्हणजे वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा खिशात ठेवायचा आणि मालमत्ता तेवढीच आहे म्हणायचं. त्या क्षणी बेरीज बरोबर असते.

या गोष्टीची तरतूद असते, हे सांगायला हवं. काही क्रेडिट विम्यासारखी बाजूला ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या वनक्रेडिट योजनेत शंभर वर्षांच्या सगळ्या वणव्यांसाठी असा हिस्सा राखून ठेवला होता. २०२२ साली संशोधकांनी हिशेब काढला तेव्हा त्यातला किमान ९५ टक्के पहिल्या दहा वर्षांतच संपल्यात जमा होता. उरलेल्या नव्वद वर्षांचं काय, हे मला माझ्या क्षेत्रातल्या बैठकांत फारसं ऐकू येत नाही.

मातीत कार्बन टिकतच नाही असा अर्थ कुणी काढू नये. रॉथमस्टेडला १८४३ पासून प्रयोग चालू आहेत. तिथल्या हूसफील्ड शेतात एका तुकड्यावर १८५२ ते १८७१ दरवर्षी शेणखत घातलं आणि मग बंद केलं. शंभरहून अधिक वर्षांनंतरही त्या तुकड्यात, कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा कर्ब जास्त भरतो. वीस वर्षांचं काम, शतकाचा परिणाम. अर्थात थंड देशात. (आणि पाचट जाळल्यावर जो थोडा कोळसा रानात उरतो, तो ह्यूमसपेक्षाही जास्त टिकतो. निसर्गाला आपल्या बाजूंशी देणंघेणं नसतं.)

माझं मत आता असं झालं आहे की या दोन वह्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जमिनीखालून काढलेल्याची वही वेगळी. ती फक्त न काढून किंवा पुन्हा तितक्याच खोल, तितक्याच काळासाठी घालून मिटते. आणि पानं, जनावरं, माती यांच्यातल्या फिरत्या कार्बनची वही वेगळी. दुसऱ्या वहीत मामांना पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते कुणाच्या धुराची परतफेड म्हणून नकोत. पाणी धरून ठेवणारी, जिवंत, पुढच्याला वापरता येईल अशी माती त्यांनी राखली, त्याबद्दल हवेत.

यावर आमच्या कंपनीतल्या एका सहकारी मैत्रिणीचा आक्षेप असा: परवाना नाही तर गिऱ्हाईक नाही. सिमेंट कंपनी पाण्यासाठी किंवा गांडुळांसाठी पैसे देणार नाही. आजचा पलीकडचा शेतकरी ज्या पैशाने काडी लावायचा थांबतो, तो पैसा या खोट्या समीकरणातूनच येतो. तू समीकरण मोडलंस तर त्याचं रान पुन्हा पेटेल. मला याचं पूर्ण उत्तर नाही. पैसा सरकारी तिजोरीतून यावा असं मी म्हणतो तेव्हा तिजोरीत त्यासाठी किती रांगा आहेत हेही मला दिसतं. पण खतांवर अनुदान देताना आपण कुणाला बेसलाइन विचारत नाही, आणि जळलेल्या पाचटातून उडालेल्या नत्राची भरपाई पोत्यातल्या अनुदानित युरियानेच होते. पैसा आहे, तो सध्या काडी लावणाऱ्याच्या पाठीशीही उभा आहे. शिवाय तिचा आक्षेप मान्य केला तर पलीकडच्याने थांबावं म्हणून मामांना शून्य, आणि ते शून्य रास्त आहे असं मामांना पटवायचं काम माझ्याकडे. ते मी करू शकत नाही.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती माझ्याच कामातली आहे. बदलाऐवजी असलेल्या कर्बाला पैसे द्यायचे ठरवलं तर भारी रान असलेल्याला आयतंच जास्त मिळेल. चिकणमाती कार्बन धरून ठेवते, मुरमाड रान ठेवत नाही. माळावरच्या शेतकऱ्याने जिवाचं रान करून ०.५ वर आणलेला कर्ब आणि नदीकाठच्याचा आळशी ०.८ यांत श्रेय कुणाचं जास्त? म्हणजे त्या मातीत जास्तीत जास्त किती मावू शकतं याच्याशी तुलना करायला हवी, आणि त्यासाठी आधी चिकणमातीचं प्रमाण माहीत हवं. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पोत त्यात नाही. मामांच्या तीन गटांचे नमुने मी पोताच्या चाचणीसाठी वेगळे पाठवले आहेत. दोन भारी रानाचे आणि एक ओढ्यापलीकडच्या हलक्या तुकड्याचा, जिथे ते पाचट सर्वांत जास्त घालतात.